मिळमिळीत शर्यतींचं गुऱ्हाळ

परवा गावाकडून काकवीची बरणी आली. दरवर्षी मार्गशीर्षात येते. झाकण धोतराच्या सोग्यात धरून मी जोर लावला, ते सुटलं, आणि वास नाकाशी पोचतो न पोचतो तोच बाहेरच्या खोलीतून नातवाचा वैतागलेला आवाज आला, ‘त्याचा फॉर्मच गेलाय रे. संपला तो.’

नातू कॉलेजात आहे. रविवारी त्याचे तीन-चार मित्र आमच्या सांगलीच्या घरी जमतात आणि केबलवर परदेशातल्या मोटारींच्या शर्यती बघतात. शर्यत दोन तासांत संपते, तिच्यावरची चर्चा मात्र पुढच्या शर्यतीपर्यंत पुरते. एकाचं म्हणणं, चाकं बदलायला उशीर केला. दुसऱ्याचं म्हणणं, गाडीतच दम नाही. तिसरा म्हणाला, ‘पहिला सुटला तो पहिला आला, शेवटचा सुटला तो शेवटचा. यात बघायचं काय? बोअर.’ मी स्वयंपाकघरात उभा राहून बोटानं काकवी चाटत ऐकत होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. हे सगळं मी पूर्वी ऐकलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. फक्त तिथं चाकांच्या जागी कोळसा होता.

लांबलेल्या चर्चेला आपण गुऱ्हाळ म्हणतो. हा शब्द ज्यानं पहिल्यांदा असा वापरला, तो आमच्या गावच्या मोटारस्टँडवर बसून गेला असावा अशी माझी जुनी समजूत आहे.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती ती. मी बावीस-तेवीस वर्षांचा, पलूसच्या पलीकडच्या एका गावात शाळामास्तर होतो. त्या काळी मास्तराकडंच गावची पोस्टाची पेटी आणि शिक्के सोपवलेले असत, त्यामुळे सकाळी मी ‘लिंग, वचन, विभक्ती’ शिकवायचो आणि दुपारी टपालाची थैली फोडायचो. शाळा, पोस्ट आणि मोटारस्टँड ही तिन्ही ठिकाणं एकाच चिंचेखाली. चिंचेच्या एका अंगाला नेमूअण्णांचं किराणा दुकान, समोर राऊआप्पांचं घर. यांतल्या कुणालाही कुणापासून लांब जाण्याची सोय नव्हती.

रेल्वे स्टेशनापासून आमच्या गावावरून आटपाडीकडं दोन सर्व्हिस मोटारी धावत. मालक वेगळे, रंग वेगळे. एक तांबडी, एक निळी. दुपारची आगगाडी आली की दोघी स्टेशनावरून सुटायच्या आणि आमच्या चिंचेखाली पहिली कोण येते यावर गाव दोन तटांत विभागलेलं होतं. युद्धाआधी पेट्रोल मुबलक होतं तेव्हाच्या शर्यती मी पाहिलेल्या नाहीत, पण त्या मला पाठ आहेत. म्हसोबाच्या चढणीवर दोघींची चाकं एकमेकींना घासल्याची, वळणावर निळीतल्या प्रवाशानं तांबडीतल्या प्रवाशाच्या डोक्यावरचा पटका उचलल्याची हकिकत मी इतक्यांदा ऐकली की पुढं पुढं मीच नवख्याला ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगू लागलो.

युद्ध आलं आणि पेट्रोल गेलं. मोटारींच्या मागं न्हाणीतल्या बंबासारख्या उंच भट्ट्या बसल्या. त्यांत कोळसा घालायचा, क्लीनरनं हातानं पंखा फिरवून तो पेटवायचा, आणि त्या धुरावर मोटार चालायची. चालायची म्हणजे काय, पुढं सरकायची. चढण आली की माणसं उतरत, मोटारीच्या बरोबरीनं चालत, पानतंबाखू खात आणि वर पोचल्यावर पुन्हा तिची वाट बघत. शर्यत मात्र बंद झाली नव्हती. चिंचेखालची मंडळी रोज नेमानं जमत, लांबवर धुराचा ठिपका दिसला की उठून उभी राहत, आणि तो ठिपका मोटारीएवढा व्हायला इतका वेळ लागे की पुन्हा खाली बसत.

‘मिळमिळीत,’ राऊआप्पा म्हणत. हा त्यांचा शब्द. बिनमिठाच्या पिठल्याला आपण म्हणतो तसा ते शर्यतीला लावत. ‘लय मिळमिळीत झाली आजची.’

राऊआप्पा पहिल्या महायुद्धात पलटणीत होते. मिशा अजून कवायतीत उभ्या. एके काळी त्यांच्याकडं शर्यतीची खोंडं होती, त्यामुळे वेगाविषयी अखेरचा शब्द आपला, असं ते धरून चालत. पक्ष तांबडीचा. निळीचा पक्ष नेमूअण्णांकडं. अण्णा जैन, बोलायला मऊ, दुकानात मापाला चोख, पण निळीचा विषय निघाला की त्यांचंही माप थोडं झुकायचं.

‘बाबालालचा हात गेला आता,’ अण्णा सुरुवात करत. बाबालाल म्हणजे तांबडीचा ड्रायव्हर. ‘वय झालं गड्याचं.’

‘हात न्हाई गेला, कोळसा वला हाय,’ आप्पा.

‘निळीला काय वाळवून देत्यात काय कोळसा?’

‘निळी रिकामीच येती की. वझं कुटं असतंय तिला? कोन बसतंय तुमच्या निळीत?’

मग बाबालालनं पंखा लवकर थांबवला की उशिरा, चढणीच्या आधी गाडी दमवली की नाही, पूर्वीचे ड्रायव्हर कसे होते आणि आताचे कसे आहेत, असं ते सुरू व्हायचं. मला कुणी विचारलं तर मी सरकारी माणूस, कुणाच्याच बाजूचा नाही, असं म्हणायचो. आज सांगायला हरकत नाही, मी मनातून निळीचा होतो. तिच्या बाकांत काथ्या जास्त होता.

हे सगळं रोज एकाच वेळी संपे. सूर्य कलला की अण्णा उठत, कारण दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायला हवं असे. समोर अण्णाच नाहीत म्हटल्यावर आप्पांना भांडायला कुणी उरत नसे. वाद बरोबर जिथं थांबला तिथून दुसऱ्या दिवशी पुढं सुरू होई.

पण या हसण्याखेळण्याच्या खाली एक गोष्ट होती, आणि ती सगळ्या गावाला माहीत होती. आप्पांचा एकुलता मुलगा शिवा पूर्वी तांबडीवर क्लीनर होता. मोटारीच्या दाराबाहेरच्या फळीवर उभं राहून, एका हातानं दांडी धरून, चिंचेजवळ येताना तो शिट्टी मारायचा म्हणतात. मोटार शिकला आणि पलटणीत लॉरी चालवायला गेला. आधी महिन्याला पत्र यायचं. नंतर चार महिने काहीच नव्हतं. टपालाची थैली तांबडीतून येते, म्हणून आप्पांचा जीव तांबडीत. हे कळायला मास्तरकी लागत नव्हती. तरी चिंचेखाली शिवाचं नाव कुणी काढत नसे. बोलायचं ते मोटारीबद्दल.

थैली फोडून मी टपाल लावलं की ‘नाही’ म्हणून मान हलवायचो. आप्पा तिकडं बघितलंच नाही असं करून वळायचे. समोर दारात त्यांची बायको, सोनाकाकी, उभी असायची. ती एकच विचारायची, ‘आलं का?’

आप्पा म्हणायचे, ‘आली. पन लय उशिरा.’

ती पत्राचं विचारायची, हे मोटारीचं सांगायचे. सकाळीच पोरांना मी नपुंसकलिंग आणि स्त्रीलिंग शिकवलेलं असायचं. काकी आत जायची.

ते दिवस गुऱ्हाळांचेच होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मळ्यांतून चरक कुरकुरत, बैल गोल फिरत, काहिलीवर वाफेचा ढग उभा. चुलाणात चिपाडं सारणाऱ्यांचे चेहरे तांबडे झालेले. गुळव्या पळीतला पाक गार पाण्यात सोडून बोटांनी गोळी करून बघे आणि तो बघत असताना भोवतालची माणसं बोलायची थांबत. माझ्या शाळेची हजेरी निम्म्यावर आलेली असे, आणि जी पोरं येत त्यांच्या पाट्या चिकट. पाकिटंसुद्धा चिकट. काकवीच्या बोटांनी तिकिटं लावलेली पत्रं मी कितीतरी रवाना केली आहेत, आणि एकाही वरिष्ठानं तक्रार केली नाही. बहुधा त्यांच्याही गावाला गुऱ्हाळ असावं.

त्या हंगामात एका सकाळी मला खडूची पेटी आणायला स्टेशनावर जायचं होतं. तांबडीत चढलो तर आप्पा आधीच बसलेले. पटका नवा, हातात फडक्याची गाठोडी.

‘स्टेशनावर काय काम काढलं?’ मी विचारलं.

‘काम कशाचं? बाबालाल गाडी कशी हाकतो ते जवळनं बगतो एकदा.’

स्टेशनावर आगगाडी आली, थैली तांबडीच्या टपावर चढली. बाबालाल आणि क्लीनर चहा प्यायला गेले. मी खडू मोजून घेत होतो. परतलो तेव्हा आप्पा भट्टीच्या मागून हात झटकत येत होते. गाठोडी दिसत नव्हती, पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही.

तांबडी आधी सुटली. पहिले दोन मैल तिनं असे काढले की आप्पा बाकाच्या कडेवर येऊन बसले आणि प्रत्येक प्रवाशाकडं बघून मान डोलावू लागले. मग वास यायला लागला. गोड, करपलेला, दाट वास. ‘गुऱ्हाळ आलं वाटतं जवळ,’ एक म्हातारी म्हणाली. आली होतीच, दोन्ही बाजूंना गुऱ्हाळं होती. सगळ्यांनी खिडकीतून माना बाहेर काढल्या आणि कुणाचा गूळ लागला यावर बोलणं सुरू झालं. बाबालालनंही नाक वर करून ‘पाक पुढं गेला कुनाचा तरी’ असं म्हटलं. मैलभर गेलो तरी तो वास मागं पडेना. म्हसोबाच्या चढणीच्या पायथ्याशी तांबडीनं दोन आचके दिले आणि ती उभी राहिली.

क्लीनरनं पंखा फिरवून घाम गाळला. बाबालालनं भट्टीचं झाकण उघडलं, आत सळई घातली आणि ती बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाला काळी, चकचकीत तार लोंबत होती. ती तुटेना.

‘आरं, ह्यो कोळसा हाय का चिक्की?’ बाबालाल म्हणाला. आतला सगळा कोळसा एकमेकांना चिकटून त्याचा एकच दगड झाला होता.

‘निळीवाल्यांचं काम हाय हे,’ कुणीतरी बोललं, आणि क्षणात सगळी मोटार त्या मताची झाली. आप्पा तेवढे गप्प. एरवी अशा वेळी पहिला आवाज त्यांचा असे. ते टपावरच्या थैलीकडं बघत होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि मला त्या गाठोडीची आठवण झाली.

मागून निळी आली. तांबडीतल्या लोकांनी तिच्यावर तोंडसुख घेतलं. तिच्या ड्रायव्हरनं शांतपणे ब्रेक दाबला, खाली उतरून भट्टीत डोकावून वास घेतला आणि तो बाबालालला म्हणाला, ‘शिव्या मागनं द्या. डाकेची थैली द्या हिकडं. लोकं वाट बगत असत्याल.’

थैली माझ्या जबाबदारीची, म्हणून मी निळीत चढलो. आप्पा खाली उभे. त्यांनी जन्मात निळीत पाऊल टाकलेलं नव्हतं, आणि तशी शपथ गावासमोर घेतली होती.

‘आप्पा, चला,’ मी म्हणालो.

त्यांनी थैलीकडं बघितलं, निळीकडं बघितलं आणि ते फळीवर चढले. आत मात्र आले नाहीत. चढण, उतार, ओढा, सगळं अंतर ते पासष्टीचे गृहस्थ दांडी धरून बाहेर उभे राहिले. ‘बसलो न्हाई, उभा हुतो,’ हा बचाव त्यांनी पुढं मरेपर्यंत चालवला.

चिंचेखाली निळी आधी आली म्हणून अण्णांचा चेहरा फुलला, आणि फळीवर आप्पांना बघून तोंड उघडंच राहिलं. मी थैली फोडली. वरून चौथं पाकीट फिकट, पलटणीच्या शिक्क्याचं होतं. मी मान हलवली नाही. नुसतं पाकीट वर धरलं.

‘वाचा,’ आप्पा म्हणाले. आणि मग ओरडून, ‘ए, भाईर ये गं.’

सोनाकाकी पिठाच्या हातांनी आली. अख्खा स्टँड गोळा झाला. दोन ओळींवर तिकडच्या साहेबानं काळी शाई फासली होती, त्या सोडून मी वाचलं. शिवा खुशाल होता. मधे त्यानं धाडलेली दोन पत्रं कुठं फिरत राहिली ते कुणालाच कळलं नाही (ती पुढं दोन महिन्यांनी आली, एकाच दिवशी). त्यानं लिहिलं होतं : ‘इकडे शे-शंभर लॉऱ्या एकामागे एक जातात. पुढच्याला मागे टाकायचे नाही असा हुकूम आहे. जोरात हाकायचे नाही. जो पहिला निघाला तो पहिला, जो शेवटचा तो शेवटचा. आप्पा, अशी मिळमिळीत शर्यत तुम्ही जन्मात पाहिली नसेल. तुम्ही असता तर दुसऱ्या मैलाला उतरून घरी गेला असता. पण सांजेला मोजणी होते तेव्हा गाड्यांचा आकडा पुरा भरतो. तांबडी जिंकते का?’

सोनाकाकीनं माझ्या हातातून पत्र घेतलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ते उलटसुलट करून बघितलं, काळी शाई बोटानं चोळून बघितली आणि चोळीत ठेवलं. पत्रावर पिठाची बोटं उमटली. मलाही रडू आलं, आणि ते लपवायला मी बाकीचं टपाल उगीचच दोनदा लावलं.

तोवर तांबडीचे काही प्रवासी चालत येऊन पोचले. गूळ, भट्टी, निळीवाल्यांचा कावा. आवाज चढले. कुणी अण्णांकडं बोट दाखवून म्हणालं, ‘दुकानात गूळ कुनाच्या असतोय?’ अण्णांचा चेहरा उतरला. वादात कितीही झुकले तरी लबाडीचा डाग त्या माणसाला कधी लागला नव्हता.

‘अण्णाला काय बोलू नगा,’ आप्पा म्हणाले. ‘गूळ म्या घातला.’

चिंचेखाली इतकी शांतता मी शाळेत तपासनीस आल्यावरही पाहिलेली नाही.

‘खोंडाला शर्यतीच्या आदी देतो न्हवं आपन? तसा दिला. म्हनलं, कोळसाच खाऊन खाऊन आटलीया बिचारी.’

अण्णा त्यांच्या जवळ आले. मग हलकेच विचारलं, ‘किती दिला?’

‘दोन शेर.’

‘मंजे जोडीचा दिला,’ अण्णा म्हणाले, आणि त्यांनाच आधी हसू फुटलं. मग सगळा स्टँड हसला. आप्पाही हसले, मिशा पुसत, डोळे पुसत, नेमकं काय पुसतायत ते कळू न देता. दुसऱ्या दिवशी बाबालालनं भट्टी त्यांच्याकडूनच खरवडून घेतली. सबंध सकाळ ते छिन्नी घेऊन बसले होते आणि गावची पोरं निघालेले तुकडे चाखून बघत होती.

भट्टी झाली तेव्हा आप्पा हात धुऊन माझ्यापुढं उत्तर सांगायला बसले. गुळाचा मजकूर त्यांनी आधी सविस्तर सांगितला आणि मी दोन ओळी लिहिल्यावर ‘ते नगा लिवू’ म्हणून खोडायला लावला. पेरणी, म्हैस, काकीचं गुडघ्याचं दुखणं झालं. मग ते थांबले. मी टाक धरून बसलो.

‘लिवा,’ ते म्हणाले. ‘पोरा, कुनाला मागं टाकाय जाऊ नगंस. मिळमिळीत चालव.’

शर्यतीचा दर्दी म्हणून ज्या माणसाला मी ओळखत होतो त्याच्या तोंडून हे वाक्य लिहून घेताना शाईचा एक थेंब पडला. तो तसाच गेला. पुढं चिंचेखालचे वाद थांबले असं मात्र समजू नका. बाबालालचा हात, ओला कोळसा, रिकामी निळी, सगळं दुसऱ्या दिवशी जिथल्या तिथं सुरू झालं. त्यात एका विषयाची भर पडली, दांडी धरून उभं राहणं म्हणजे बसणं होतं की नाही.

परवाची शर्यत संपल्यावर नातवाला मी काकवी दिली आणि विचारलं, ‘सगळे पोचले का रे?’

‘कोण?’

‘गाड्या. जेवढ्या सुटल्या तेवढ्या.’

‘पोचल्या की. एकसुद्धा धडकली नाही. म्हणून तर बोअर,’ तो म्हणाला. मी त्याला आणखी एक चमचा काकवी वाढली. म्हाताऱ्याचं काहीतरीच, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

युद्ध संपलं. बाबालालनं चाक सोडलं, पेट्रोल पुन्हा मिळू लागलं, भट्ट्या निघाल्या आणि तांबडीच्या चाकावर शिवा बसला. थोडा वाळलेला, बोलायला कमी, पण शिट्टी तीच. पलटणीत गाडी हाकून आलेला गडी आणि टाकीत खरं पेट्रोल, म्हणजे आता जुने दिवस परत येणार, अशी हवा झाली. पहिल्या दिवशी चिंचेखाली बसायला जागा नव्हती. लांब धुरळा दिसला. मंडळी उठली. धुरळ्यातून निळी आली, सुसाट. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मंडळी बसली. शेवटी तांबडी दिसली, रस्त्याची बाजू न सोडता, वळणावर कर्णा वाजवत, वरातीतल्या गाडीसारखी सावकाश.

‘हे काय चालवणं झालं?’ तांबडीचेच लोक म्हणाले. ‘ह्याच्यापरास कोळसा बरा हुता.’

शर्यतीची एवढी घोर निराशा त्या स्टँडनं कधी सोसली नसेल. अण्णांना जिंकल्याचा आनंद करावा की नाही ते कळेना. त्यांनी आशेनं आप्पांकडं बघितलं, पण आप्पा वादाला तयार नव्हते. ते मिशांवरून हात फिरवत तांबडीच्या चाकामागं बसलेल्या माणसाकडं बघत होते.

समोरच्या दारातून सोनाकाकीनं विचारलं, ‘आला का?’

‘आला,’ आप्पा म्हणाले. ‘लय मिळमिळीत आला.’